‘एवढ्यात’च्या खालचा शब्द

मी बोलतोय, पण तुम्ही समोर येऊन उभे राहिलात तरी माझा चेहरा तुम्हाला दिसणार नाही. शिक्षा झालेल्या मुलासारखं मला भिंतीकडे तोंड करून ठेवलं आहे. बसस्थानकामागची ही अडगळीची खोली. एका बाजूला फाटक्या सीटा, दुसऱ्या बाजूला मोडका पंखा, आणि मधे मी. मी एक फळा आहे. अठरा वर्षं चौकशीच्या खिडकीशेजारी टांगलेला होतो.

त्या अठरा वर्षांत हजारो माणसांनी माझ्याकडे पाहिलं, पण मला कोणी पाहिलं असं म्हणता येणार नाही. माणसं फळ्याकडे बघतात ती त्याच्यावर काय लिहिलंय ते बघायला. त्यात त्यांची काही चूक नाही. चष्मा लावल्यावर चष्म्याकडे तरी कोण बघतं?

माझा जन्म मात्र एका शाळेसाठी झाला. सुताराने चार फळ्या जोडल्या, रंधा मारला, वर काळ्या रंगाचे तीन हात दिले. रंग वाळला का ते बघायला त्याने डाव्या कोपऱ्यात अंगठा टेकवला. रंग वाळला नव्हता. तो ठसा अजून तिथेच आहे. माझ्यावर उमटलेली ही एकच गोष्ट कोणाला पुसता आली नाही.

शाळेतले दिवस चांगले होते. सातवीचा वर्ग होता. बाई माझ्यावर जे लिहीत ते खरं असायचं. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज सकाळी जेवढी, तेवढीच संध्याकाळी. मुलं ते वहीत उतरवून घेत आणि मगच मला पुसत. पुसण्यात काही वाईट आहे असं मला तेव्हा वाटत नसे.

मधल्या सुट्टीत मुलं माझ्यावर रेलून गप्पा मारत. मग बाई म्हणायच्या, "फळ्याला पाठ लावू नका रे. शिकवलेलं सगळं पाठीला लागेल आणि डोक्यात काहीच जाणार नाही." मुलं हसायची. मीही मनातल्या मनात हसायचो. बाईंचं ते वाक्य पुढे मला किती वर्षं टोचणार आहे, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं?

एका वर्षी शाळेचं छप्पर गळलं आणि माझा उजवा भाग कुजला. करवतीने तेवढा भाग कापून टाकला. उरलेला मी शाळेला अपुरा पडू लागलो. मग कोणाच्या तरी ओळखीने मी बसस्थानकावर आलो. खिडकीशेजारी दोन खिळे ठोकून मला टांगलं. जरा खालीच टांगलं, कारण वरच्या बाजूला आधीच विजेचा मीटर होता. रांगेत उभी राहिलेली माणसं मला घासून पुढे सरकत.

पांढऱ्या रंगाच्या रेघा मारून माझे चार रकाने केले: कुठे जाणार, किती वाजता, कुठला फलाट, आणि शेरा. पहिले तीन रकाने क्वचितच बदलत. खरं काय ते शेऱ्यातच असायचं. पण मी कापलेला फळा. शेवटच्या रकान्याला जागा कमी पडली. त्यात एका ओळीत एकच शब्द मावायचा.

खिडकीत बसणाऱ्या साहेबांचं अक्षर सुरेख होतं. त्यांचं नाव कोणी घेत नसे. चालक आणि वाहक त्यांना पाठीमागे ‘एवढ्यातसाहेब’ म्हणत, कारण त्यांच्या तोंडात सदा तोच शब्द. चहा सांगितला का? एवढ्यात सांगतो. जेवलात का? एवढ्यातच जेवलो.

त्यांनी शेऱ्यात कधी वेळ लिहिली नाही. पूर्वी लिहीत असत म्हणे. एकदा ‘अकरा वाजता’ असं लिहिलं आणि गाडी आली एक वाजता. लोकांनी त्यांची गचांडी धरली. तेव्हापासून ते नव्या माणसाला सांगायचे, "वेळ लिहिली की ती पाळावी लागते. शब्द लिहावा. शब्द सांभाळून घेतो."

त्यांचे शेरे दोनच होते. गाडी जवळपास आली असेल तर ते नुसतं ‘एवढ्यात’ लिहीत. म्हणजे आलीच म्हणून समजा. आणि गाडीला फार उशीर असेल तर ‘एवढ्यात नाही’. म्हणजे दुसरी काही सोय बघा. एका ओळीत एकच शब्द मावत असल्यामुळे वर ‘एवढ्यात’ आणि त्याच्या खाली ‘नाही’ असं लिहावं लागे. रोजच्या प्रवाशांना याची सवय झाली होती.

आणि साहेबांना एक सवय होती. खिडकीतून कोणी काही विचारलं, की ते मान वर न करता हातातलं पेन माझ्या दिशेने दाखवायचे. "फळ्यावर लिहिलंय." त्यांचा माझ्यावर पूर्ण विश्वास होता. मला त्याचा अभिमान वाटायचा, हे मी कबूल करतो.

आता त्या दिवसाचं सांगतो.

थंडीचे दिवस होते. सकाळी साडेआठला चार जणांचं एक कुटुंब आलं. नवरा, बायको, त्यांची बारा-तेरा वर्षांची मुलगी आणि नवऱ्याची मोठी बहीण. त्यांना नऊच्या गाडीने समुद्रावर जायचं होतं. समुद्राची गाडी माझ्यावर सगळ्यात खालच्या ओळीत असे.

बहीण शिवणकाम करायची. तिच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावर, सुई टोचू नये म्हणून घालतात त्या अंगुस्तानाचा वळ होता. आयुष्यभर सुईच्या नेढ्यातून बघत राहिल्यामुळे की काय, तिचं जग नेढ्याएवढंच उरलं होतं. नीट ऊन असेल तेव्हा तिला समोरचं दिसे. सावलीत अंधुक, आणि दिवस कलला की काहीच नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, उन्हाळ्यापर्यंत आहे ते आहे, पुढे तेही राहणार नाही. हे मला कसं कळलं? बाकावर बसून माणसं सगळं बोलतात. फळ्याला कान नसतात असं त्यांना वाटतं.

स्थानकाच्या छपराचा एक पत्रा उडालेला होता. तिथून उन्हाचा एक चौकोन चार नंबरच्या बाकावर पडायचा. त्या बाई नेमक्या त्या चौकोनात जाऊन बसल्या.

"बाळ, आपली गाडी कुठल्या फलाटावर लागणार?" त्यांनी विचारलं. बाळ म्हणजे तो भाऊ. त्याच्या कानशिलांवर पांढरे केस होते.

"तीनवर, ताई."

"मग आपण चारवर का बसलोय?"

"तू बसलीस म्हणून आम्ही बसलो."

"तीनवर ऊन नाही रे."

वहिनी पिशव्या मोजत होती. "वन्सं, शाल काढू का? वारं आहे."

"शाल समुद्राला घालू आपण. मला ऊन पुरे." मग त्या मुलीकडे वळल्या. "दोरा, सांगू का तुला? मी तुझ्याएवढी असताना आमच्या शाळेची सहल निघाली होती समुद्राला. पिशवीसुद्धा भरून ठेवली होती. आणि नेमका या बाळाला गोवर निघाला. आईला कामाला जायचं होतं, मग मी थांबले."

"मी काय मुद्दाम काढला होता गोवर?" भाऊ म्हणाला.

"तुझं काय सांगावं. लहानपणापासून तुझं सगळं अगदी वेळेवर."

सगळे हसले. भाऊ जरा उशिरा हसला. सहल राहिली, मग आई गेली, मग भावाचं शिक्षण आलं, मग मशीन आलं. समुद्र राहून गेला तो गेलाच. भाऊ छापखान्यात होता. शाळेची पुस्तकं छापायचा हंगाम सुरू होणार होता, पुढची सुट्टी तीन महिन्यांनी. तेव्हा समुद्र असेल, पण बघायला डोळे नसतील. म्हणून हा एकच दिवस. बारापर्यंत पोचायचं, चांगल्या उन्हात ताईला समुद्र दाखवायचा आणि संध्याकाळच्या गाडीने परत फिरायचं.

मुलीला आत्या ‘दोरा’ म्हणायची, कारण सुईत दोरा ओवायचं काम तिचं होतं. मुलगी फार कमी बोलायची. तिच्या अंगात निळा लोकरी स्वेटर होता, आत्याने विणलेला. शेवटच्या काही ओळी बहुतेक न बघता विणल्या असाव्यात. त्या जरा वाकड्या होत्या.

नऊ वाजून गेले. गाडी आली नाही.

नऊ वीसला खिडकीतला फोन वाजला. साहेबांनी ऐकून घेतलं. गाडीचा चाकावरचा स्प्रिंगचा पाटा मोडला होता, दुसरी गाडी लांबच्या आगारातून यायची होती. ते बाहेर आले आणि माझ्या खालच्या ओळीत त्यांनी सुबकपणे लिहिलं, वर ‘एवढ्यात’, खाली ‘नाही’. खडू खिशात टाकला आणि आत गेले. खिडकीपुढे रांग वाढली होती.

त्याच रांगेत भाऊ येऊन उभा राहिला. तो बाकावरून उठताना मुलगीही त्याच्या मागे आली. तिला गर्दीचं भय वाटत असावं. ती रांगेत न शिरता माझ्याजवळ उभी राहिली. तेवढ्यात एक माणूस डोक्यावर मोठी पेटी घेऊन आला. "बाजू, बाजू." मुलीने अंग चोरलं आणि पाठ माझ्यावर टेकवली.

पेटी निघून गेली. ती मात्र तशीच उभी राहिली. रांग हलली तशी ती थोडी इकडे सरकली, थोडी तिकडे. लोकर मऊ होती. मला ती जवळजवळ लागलीही नाही. पण मला समजत होतं काय होतंय ते. ‘नाही’मधला ‘ना’ गेला, मग वेलांटी, मग ‘ह’. वरचा शब्द तिच्या खांद्याच्या वर होता. त्याला काही झालं नाही.

भाऊ खिडकीशी पोचला. "साहेब, समुद्राची गाडी?"

साहेबांनी मान वर केली नाही. पेन माझ्याकडे वळलं. "फळ्यावर लिहिलंय."

भाऊ माझ्यासमोर आला. मुलगी बाजूला झाली. त्याने खालची ओळ बोट धरून वाचली. गाव, वेळ, फलाट, शेरा. त्याचा चेहरा उजळला.

"चल," तो मुलीला म्हणाला, "एवढ्यात येतेय."

मला हाक मारता आली असती तर त्याच क्षणी मारली असती. माझ्यावर लिहिलेलं तो वाचू शकत होता. माझ्यावरून पुसलेलं मी त्याला कसं वाचून दाखवणार?

बाकाशी गेल्यावर आईने मुलीची पाठ पाहिली. "हे काय गं पांढरं? भिंतीला टेकलीस ना? नवा स्वेटर, जरा जपून." तिने चार थापट्या मारल्या. खडूची पूड उन्हाच्या चौकोनात उडाली, क्षणभर चमकली आणि गेली. तो शब्द असा गेला.

सव्वादहाला दोन नंबरवर पुलाची गाडी लागली. निम्मी रिकामी होती. वाहक दारात उभा राहून ओरडत होता, "पूल, पूल, आहे का कोणी पूल?"

वहिनी म्हणाली, "अहो, या गाडीने जाऊ या का? पुलावर उतरलं की समुद्राकडे जायला गाड्या मिळतात म्हणे. दोनपर्यंत तरी पोचू."

"आणि आपण पुढच्या वळणावर गेलो आणि इथे आपली गाडी आली, तर?"

"तासभर झाला की."

"म्हणूनच. तासभर थांबलो आणि आता ती येताना सोडून जायचं? मी विचारून आलोय. फळ्यावर ‘एवढ्यात’ लिहिलंय." त्याने लांबूनच मला पुन्हा एकदा वाचलं. "ताईला चढ-उतार नको. काय गं ताई?"

"मी काय, गाठोडं आहे आज," ताई म्हणाल्या. "उचलाल तिथे येईन."

पुलाची गाडी गेली. पुढची पुलाची गाडी चारला होती.

उन्हाचा चौकोन बाकावरून सरकत होता. ताई त्याच्याबरोबर सरकत होत्या. आधी बाकाच्या या टोकाला होत्या, मग मधे आल्या, मग त्या टोकाला. सगळ्या पिशव्या मधल्या मधे अडकल्या. वहिनी दर वेळी त्या उचलून हलवायची. दूरवर मोटारीचा आवाज आला की चौघं माना वळवत. ती दुसरीच गाडी निघे.

"दोरा, समुद्र किती मोठा असतो गं?" आत्याने विचारलं.

मुलीने विचार केला. "पलीकडची बाजू दिसत नाही एवढा."

"मग माझं आणि सगळ्यांचं सारखंच की. तुम्हालाही दिसत नाही, मलाही दिसत नाही."

बाराला त्यांनी डबा उघडला. "समुद्रावर खायचं होतं ते," वहिनी पुटपुटली. ताई म्हणाल्या, "पोटाला काय ठाऊक समुद्र कुठे आहे." पण त्यांनी दोनच घास खाल्ले. त्यांच्या अंगावरचं ऊन आता गुडघ्यांवर आलं होतं.

सव्वाबाराला साहेब दुपारच्या गाड्या लिहायला बाहेर आले. ओल्या फडक्याने त्यांनी वरच्या ओळी पुसल्या. खाली वाकले आणि थांबले.

"अरे, इथला ‘नाही’ कोणी पुसला?"

ते कोणाला उद्देशून बोलले नव्हते. पण भावाने ऐकलं. तो हातातला डबा तसाच घेऊन आला.

"काय म्हणालात?"

"समुद्राची गाडी. ‘एवढ्यात नाही’ लिहिलं होतं मी. नऊ वीसलाच. पाटा मोडलाय तिचा."

"इथे ‘एवढ्यात’ होतं."

"‘एवढ्यात’ होतं, आणि खाली ‘नाही’ होतं."

"मी तुम्हाला विचारलं होतं. खिडकीतून."

साहेबांना आठवत नव्हतं. दिवसभरात शंभर माणसं विचारतात.

"तोंडाने सांगितलं असतंत," भाऊ म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "एक शब्द तर होता."

मुलगी वडिलांच्या मागे उभी होती. मी तिच्याकडेच बघत होतो. तिने माझ्या खालच्या ओळीकडे पाहिलं, मग सकाळी ती जिथे उभी होती त्या फरशीकडे पाहिलं. तिचा हात हळूच स्वतःच्या पाठीवर गेला. बोटं पुढे आणून तिने पाहिली. लोकरीत थोडी पूड शिल्लक असावी.

ती वळली. बाकाशी परत गेली, स्वेटर काढला, आतली बाजू बाहेर करून त्याची घडी घातली आणि मांडीवर घेऊन बसली. थंडी होती. तिच्या हातांवर काटा आलेला मला माझ्या जागेवरून दिसत होता.

गाडी दोन वीसला आली.

तोपर्यंत ऊन बाक सोडून भिंतीवर चढलं होतं. ताई भिंतीला लागून उभ्या होत्या. भाऊ म्हणाला, "ताई, पोचायला साडेपाच होतील. तिथून शेवटची गाडी साडेसहाला. उन्हं गेलेली असतील गं. जायचं का?"

त्यांनी भिंतीवरच्या उन्हात तळहात धरला. मग म्हणाल्या, "इतकी वर्षं थांबलाय तो माझ्यासाठी. न जाऊन कसं चालेल?"

साहेब खिडकी सोडून बाहेर आले होते. त्यांनी चालकाला सांगितलं, जमेल तेवढी लवकर ने. त्यांनी ताईंची पिशवी उचलून वर दिली. अठरा वर्षांत मी त्यांना कोणाची पिशवी उचलताना तेवढं एकदाच पाहिलं.

गाडी गेली. पुढे काय झालं ते मी पाहिलं नाही. मी टांगलेला. मला जिथे ठोकलं तिथूनच बघायचं.

दुसऱ्या दिवसापासून साहेबांनी शेरा बदलला. ‘नाही’ वर लिहायचा आणि ‘एवढ्यात’ खाली. वाचायला ते जरा विचित्र वाटायचं. चालक हसायचे. त्यांना आता ‘नाहीसाहेब’ असं नवीन नाव पडलं. आणखी एक झालं. एखादं कुटुंब पिशव्या घेऊन फार वेळ बसलेलं दिसलं, की ते उठून बाहेर यायचे आणि विचारायचे, "कुठे जायचंय तुम्हाला?"

उन्हाळा लागला तेव्हा ते चौघं पुन्हा आले. चौघं नव्हे, तिघं. वहिनी या वेळी घरी राहिली होती. ताईंना शहरातल्या दवाखान्यात न्यायचं होतं. ताईंनी मुलीचा कोपर धरला होता. छपरातून ऊन पडलं होतं, पण त्या ऊन बघून बसल्या नाहीत. मुलीने बसवलं तिथे बसल्या. म्हणजे सावलीत.

साहेबांनी त्यांना ओळखलं. बाहेर आले. हातातलं पेन या हातातून त्या हातात करत राहिले. मग विचारलं, "ताई, त्या दिवशी दिसला का हो समुद्र?"

"दिसला की," ताई म्हणाल्या. "निळाशार."

भाऊ बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. नाडी बांधलेलीच होती.

साहेबांचा चेहरा सैल झाला. "बरं झालं. मनाला लागून राहिलं होतं." ते आत गेले. भाऊ गाडीत जागा धरायला पुढे गेला. बाकावर आत्या आणि मुलगी दोघीच राहिल्या. हा बाक माझ्यापासून दोन हातांवर होता.

"आत्या, तो निळा नव्हता," मुलगी म्हणाली.

"ठाऊक आहे गं. तेव्हा मला अंधार आणि उजेड कळत होता."

"मग?"

"त्या बिचाऱ्याला काय सांगायचं? अंधारात नुसता आवाज ऐकून आले म्हणून? त्याचं पेन बघ, किती वेळ खुडबुडत होतं."

गाडीचं इंजिन सुरू झालं. मग मुलगी घाईघाईने म्हणाली, "आत्या, तो ‘नाही’ माझ्या पाठीला लागला होता."

आत्याने कोपरावरचा हात सरकवत तिच्या बोटांपर्यंत आणला.

"येताना गाडीत तुझ्या स्वेटरची घडी मी उशाला घेतली होती. खडूचा वास येत होता. आणि थंडीत पोर स्वेटर काढून बसली, तर ते कळायला डोळे कशाला लागतात?"

"तू बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबले होते." मग त्या जरा हसल्या. "अगं, त्या चार तासांत मी किती वेळा समुद्रावर जाऊन आले. गाडीचा आवाज झाला की निघायचे. ‘नाही’ दिसला असता तर तेवढंही झालं नसतं."

मुलगी रडली. तिने डोळे पुसले नाहीत. समोर बघणारं कोणी नव्हतं, आणि मी कोणाला सांगणार?

आत्याने सांत्वन केलं ते खरं मानावं असं मलाही वाटतं. पण मी शाळेतला फळा आहे, मला खोटी बेरीज जमत नाही. ‘नाही’ दिसला असता तर ते पुलाच्या गाडीने गेले असते. दोनला पोचले असते. ऊन होतं. समुद्र निळा असला असता.

उठताना त्यांनी विचारलं, "तो फळा कुठे आहे?" मुलीने त्यांचा हात माझ्यावर ठेवला. त्यांची बोटं माझ्यावरून फिरली, कापड बघतात तशी, कडेपर्यंत. डाव्या कोपऱ्यात ती थांबली. सुताराचा अंगठा त्यांना सापडला होता.

"इथे कोणीतरी घाई केली होती," त्या म्हणाल्या.

एवढ्या वर्षांत तो ठसा त्यांच्याशिवाय कोणाला दिसला नाही.

पुढे साहेब निवृत्त झाले. लाल दिव्यांची पाटी आली. तिच्यावर अक्षरं आपोआप धावतात, पाठीला लागत नाहीत. खिळे तसेच ठेवून मला काढलं आणि इथे आणून उभं केलं. माझ्या खालच्या ओळीत शेवटचं काय लिहिलं होतं ते आठवत नाही. पाणी पडून ते गेलं.

दोरा, तू आता मोठी झाली असशील. तू जिथे असशील तिथे माझं एवढं ऐक. दोष तुझ्या पाठीचा नव्हता. दोष जरा खाली टांगण्याचा होता, अरुंद रकान्याचा होता, मान वर न करण्याचा होता, आणि माझ्या गप्प बसण्याचाही. आणि बाकीच्यांना सांगायचंय ते इतकंच. ‘नाही’ असेल तर तो आधी लिहा, आणि कोणी विचारलं तर तोंडानेही सांगा. कोणाच्या तरी अंगावरचं ऊन सरकत असतं.

काल दोन माणसं खोलीत आली होती. मला ती दिसली नाहीत, बोलणं तेवढं ऐकू आलं. एकाने मला पायाने जरा हलवून पाहिलं. "हा फळा मोडीत कधी काढायचा?"

"एवढ्यात..." दुसरा म्हणाला, आणि दार ओढलं गेलं.

पुढे आणखी एक शब्द होता की नव्हता, मला ऐकू आलं नाही.